अग्निशामक दलातून विधानसभेकडे : खान्देशातील जवानाने उमेदवारीची तयारी कशी करावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मिळून विधानसभेच्या २० जागा आहेत. महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या अग्निशामक दलात काम करणाऱ्या एखाद्या जवानाला यांपैकी एका जागेवरून उभे राहावेसे वाटले, तर त्याच्या शिक्षणाची किंवा हुद्द्याची अट कायद्यात कोठेही नाही. त्याची खरी अडचण नोकरी, वेळ आणि पैसा यांची असते, आणि ती उमेदवारी अर्जाच्या कितीतरी आधी सुरू होते. निवडणुकीची माहिती देणारी बहुतेक पत्रके अर्ज कसा भरावा एवढेच सांगून थांबतात, म्हणून या मार्गदर्शनात अर्जापूर्वीच्या वर्षाला अधिक जागा दिली आहे. सेवेत असताना राजकारणाचा एक शब्दही काढायचा नाही आणि राजकारण सुरू केल्यावर सेवेचा कोणताही धागा शिल्लक ठेवायचा नाही, ही शिस्त पाळली तर पुढची कामे अवघड असली तरी सरळ होतात.

मतदारसंघ

राज्यघटनेच्या कलम १७३ नुसार उमेदवार भारताचा नागरिक आणि किमान २५ वर्षे वयाचा असावा लागतो. वयाची अट अशी असल्यामुळे तरुण उमेदवार खान्देशाला नवीन नाहीत. प्रतिभा पाटील १९६२ मध्ये जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार उमेदवाराचे नाव राज्यातील कोणत्याही एका मतदारसंघाच्या यादीत असले म्हणजे पुरते. त्यामुळे भुसावळच्या यादीत नाव असलेला जवान जामनेरमधून उभा राहू शकतो, मात्र अशा वेळी आपले नाव असलेल्या यादीच्या भागाची प्रमाणित प्रत त्याला सादर करावी लागते.

आरक्षण आधी पाहून घ्यावे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर या चारही जागा, धुळे जिल्ह्यातील साक्री आणि शिरपूर, तसेच जळगाव जिल्ह्यातील चोपडा या जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि भुसावळची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उरलेल्या १२ जागांवर कोणीही उभे राहू शकते. ही रचना २००८ च्या परिसीमनाची, म्हणजे मतदारसंघांच्या फेरआखणीची आहे. पुढील परिसीमन झाल्यास ती बदलू शकते, म्हणून तयारी सुरू करताना त्या वेळचा आदेश पाहूनच जागा ठरवावी. राखीव जागेवर उभे राहणाऱ्याने जातीचा दाखला आणि उपलब्ध असल्यास जात वैधता प्रमाणपत्र आधीच हाताशी ठेवावे, कारण छाननीच्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांचे वकील पहिला आक्षेप तेथेच घेतात.

आपल्या मूळ गावाच्या मतदारसंघाकडे ओढ असणे स्वाभाविक आहे, तरीही ज्या शहरात आणि तालुक्यात प्रत्यक्ष सेवा केली तो मतदारसंघ जवानासाठी अधिक योग्य असे माझे मत आहे. तेथल्या वस्त्या, बोळ, गोदामे, विहिरी आणि रस्ते त्याला पायाखालचे असतात, आणि कोणत्या भागात बंब शिरत नाही हे तेथल्या नगरसेवकापेक्षाही त्याला नेमके ठाऊक असते.

नोकरीतून बाहेर पडणे

या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत जोखमीचा भाग हाच आहे, आणि त्याबद्दल सर्वांत जास्त ऐकीव माहिती पसरलेली असते.

राज्यघटनेच्या कलम १९१ नुसार केंद्र किंवा राज्य शासनाच्या अखत्यारीतील लाभाचे (म्हणजे वेतन किंवा आर्थिक फायदा देणारे) पद धारण करणारी व्यक्ती विधानसभेची सदस्य होण्यास अपात्र ठरते. या कलमात स्थानिक प्राधिकरणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. राष्ट्रपतिपदाच्या पात्रतेविषयीच्या कलम ५८ मध्ये मात्र तो आहे. या फरकाचा आधार घेऊन, महापालिकेचा कर्मचारी हा राज्य शासनाचा कर्मचारी नसल्यामुळे त्याला राजीनामा न देताही उभे राहता येते, असा सल्ला देणारे लोक भेटतात. या युक्तिवादात कायद्याच्या दृष्टीने काही तथ्य असले, तरी त्यावर आपले घर आणि भविष्य पणाला लावू नये. नेमणूक कोण करतो, काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे, वेतन कोठून येते आणि कामावर नियंत्रण कोणाचे आहे, या कसोट्यांवर न्यायालये पद तपासतात; नगरपरिषदांतील काही अधिकाऱ्यांचे संवर्ग राज्यस्तरीय असल्यामुळे तेथे उत्तर आणखी गुंतागुंतीचे होते. शिवाय अपात्रतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी सेवाशर्ती उरतातच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ५ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि कोणाचा प्रचारही करता येत नाही. त्याने मतदान जरूर करावे, परंतु आपण कोणाला मत देणार याचा संकेतही देऊ नये, आणि अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हासुद्धा प्रचारच मानला जातो. आपल्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला हे नियम किंवा त्यांच्यासारखे कोणते नियम लागू आहेत, हे आस्थापना विभागाकडून लेखी समजून घ्यावे. बहुतेक ठिकाणी निष्कर्ष एकच निघेल, आणि तो म्हणजे पद सोडल्याशिवाय उभे राहू नये.

राजीनामा देणे आणि राजीनामा मंजूर होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे प्रत्येक इच्छुकाने मनावर कोरून घ्यावे. आपल्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात २०२३ मध्ये घडलेला प्रसंग येथे उपयोगी आहे. आमला मतदारसंघातून लढू इच्छिणाऱ्या एका उपजिल्हाधिकारी महिलेने जूनमध्ये राजीनामा दिला, तो मंजूर होण्यासाठी तिला न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि मंजुरी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हाती आली त्याच सुमारास पक्षाने त्या जागेवर दुसऱ्याचे नाव जाहीर केले. उपजिल्हाधिकाऱ्याची ही स्थिती होत असेल, तर सामान्य जवानाने चार महिने पुरतील असे गृहीत धरू नये.

वेळेचा हिशेब महाराष्ट्राच्या २०२४ च्या निवडणुकीवरून मांडता येतो. घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, अर्जाची अंतिम तारीख २९ ऑक्टोबर होती, छाननी ३० ऑक्टोबरला, माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला, मतदान २० नोव्हेंबरला आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला झाली. घोषणेपासून अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत अवघे दोन आठवडे मिळाले. पात्रता छाननीच्या दिवशी पाहिली जाते, त्यामुळे मंजुरीचा आदेश आणि कार्यमुक्तीचा आदेश त्या दिवसापूर्वी हातात असणे ही किमान गरज आहे. माझ्या मते तो निदान एक वर्ष आधी हातात असावा. या काळात दिवाळीही आली होती, आणि दिवाळी म्हणजे फटाक्यांच्या आगींमुळे दलातील सर्वांच्या रजा बंद होण्याचे दिवस. त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होऊन जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या आवारात कापसाच्या गंज्या रचल्या जाऊ लागतात. विधानसभेची मुदत २०२९ च्या अखेरीस संपते, म्हणजे पुढची निवडणूक नियमित वेळी झाली तर ती पुन्हा याच हंगामात येईल. ऐन गर्दीच्या काळात राजीनामा देऊन अग्निशमन केंद्र अडचणीत टाकणारा जवान सहकाऱ्यांच्या मनातून उतरतो, आणि ते योग्यच आहे.

ज्यांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा २० वर्षांहून अधिक झाली आहे, त्यांनी राजीनाम्याऐवजी स्वेच्छानिवृत्तीचा विचार करावा. राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार त्यासाठी तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि निवृत्तिवेतन शाबूत राहते. राजीनाम्याने मात्र मागील सर्व सेवा जप्त होते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना नवीन अंशदायी योजना लागू असल्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा पडतो. हे सर्व आकडे घरातील माणसांसमोर कागदावर मांडावेत. निवडणूक हरल्यानंतर पुन्हा त्याच पदावर रुजू होता येत नाही, ही गोष्ट पत्नीला किंवा आईवडिलांना निकालाच्या दिवशी प्रथमच कळता कामा नये.

कार्यमुक्त होण्यापूर्वी साहित्याचा हिशेब पूर्ण करावा. हेल्मेट, गमबूट, श्वसनयंत्र, बिनतारी संच, होज (पाण्याचा पाइप) आणि ब्रँच (त्याच्या टोकाची तोटी) यांच्या साठा नोंदवहीत आपल्या नावावर जे काही असेल ते जमा करून पावती घ्यावी. कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज, प्रशिक्षणाच्या वेळी लिहून दिलेला करार आणि प्रलंबित विभागीय चौकशी यांपैकी एकही बाब उघडी राहिली, तर राजीनामा अडून बसतो. केंद्राच्या आवारातील सदनिकेत राहणाऱ्यांनी भाडे, वीज आणि पाणी यांचे ना-देय प्रमाणपत्र आवर्जून घ्यावे, कारण मागील दहा वर्षांत शासकीय निवासस्थान वापरले असल्यास त्याच्या थकबाकीविषयीची माहिती उमेदवारीच्या शपथपत्रात द्यावी लागते. भ्रष्टाचार किंवा राज्याशी द्रोह या कारणांवरून शासकीय सेवेतून बडतर्फ झालेली व्यक्ती पाच वर्षे अपात्र असते. बडतर्फीला पाच वर्षे झाली नसतील आणि तिचे कारण वेगळे असेल, तर तसे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागते.

ठेकेदारामार्फत कंत्राटी पद्धतीने बंबावर काम करणाऱ्या मुलांची संख्या आता बरीच आहे. ते स्वतः शासनाशी करार केलेले ठेकेदार नसल्यामुळे कंत्राटदारांना लागू होणारी अपात्रता त्यांच्यावर येत नाही, तरी त्यांनीही काम सोडल्याचे पत्र घेऊनच पुढे जावे.

सेवेत असेपर्यंत काय करू नये

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मुंबईच्या गोदीत १९४४ साली त्या दिवशी झालेल्या स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह आहे. या दिवसांत शाळांमध्ये आणि बाजारपेठांत प्रात्यक्षिके होतात, लोक जवानांना ओळखू लागतात, आणि पुढे उभे राहण्याचा विचार मनात असलेल्या माणसाला तेथे आपले नाव पेरण्याचा मोह होऊ शकतो. हा मोह टाळावा. त्या सप्ताहात जे उभे असते ते दल असते, आणि मृत सहकाऱ्यांच्या नावाने होणारा कार्यक्रम कोणाच्याही उमेदवारीची पायरी होऊ नये.

हाच नियम वाचवलेल्या माणसांनाही लागू आहे. विहिरीतून काढलेले मूल, जळत्या घरातून उचलून आणलेली म्हातारी, पुराच्या पाण्यातून दोरीने ओढलेले कुटुंब यांची छायाचित्रे अनेक जवानांच्या भ्रमणध्वनीत असतात. ती प्रचारपत्रकावर छापू नयेत. ज्यांना वाचवले त्यांच्यावर उपकार नाहीत, ते कर्तव्य होते, आणि त्या कर्तव्याचे वेतन घेतलेले आहे. शिवाय आयुष्यातील सर्वांत भेदरलेल्या क्षणी टिपलेला आपला चेहरा गावभर लागलेला पाहणे कोणालाही आवडत नाही. त्यांच्यापैकी कोणी स्वखुशीने प्रचारात बोलायला आले तर त्यांचा तो अधिकार आहे, परंतु त्यांच्या दारात जाऊन आठवण करून देऊ नये.

गणवेशाबाबतही हेच सांगावेसे वाटते. कार्यमुक्तीनंतर गणवेश, दलाचे बोधचिन्ह आणि पदाची पट्टी प्रचारात वापरू नये. लोकसेवकाचा वेष फसवणुकीच्या हेतूने धारण करणे हा गुन्हा आहे, आणि हेतू तसा नसला तरी तक्रारीला जागा कशासाठी द्यावी? पत्रकावर ‘माजी अग्निशमन जवान’ एवढी साधी ओळ पुरेशी असते.

सेवेत असलेले मित्र प्रचारापासून दूर राहतील याची काळजीही उमेदवारानेच घ्यावी. शासकीय सेवेतील व्यक्तीने उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी, मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केल्यास तिला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांची मदत घेणे हा उमेदवाराच्या बाजूने भ्रष्ट आचार ठरून निवड रद्द होऊ शकते. पालिकेचे कर्मचारी निवडणुकीच्या कामावरही नेमले जातात, त्यामुळे ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे रात्रपाळ्या काढल्या त्यांना या काळात फोनसुद्धा न करणे हेच त्यांच्यावरचे प्रेम होय. घरात कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा शासनाच्या कार्यालयात असेल, तर त्यांनाही हीच मर्यादा समजावून सांगावी.

मतदारांपुढे काय मांडावे

अग्निशामक दलातून आलेल्या उमेदवाराकडे इतरांकडे नसलेली एक गोष्ट असते, आणि ती म्हणजे आपला भाग कोठे आणि का जळतो याचे ज्ञान. हे ज्ञान नीट मांडले तर लोक ऐकतात. मात्र त्यासाठी आधी अधिकाराची वाटणी समजून घ्यावी. अग्निशमन सेवा हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आहे. बंब खरेदी करणे, केंद्र चालवणे आणि जवान नेमणे ही पालिकांची कामे आहेत. कायदा करणे, अनुदान देणे, पदांना मंजुरी देणे आणि अग्निशमन संचालनालयामार्फत देखरेख ठेवणे ही राज्याची कामे आहेत. आमदार स्वतः केंद्र चालवू शकत नाही, पण तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो आणि आपला स्थानिक विकास निधी कोठे खर्च व्हावा हे सुचवू शकतो. ‘मी आमदार झालो तर गावोगावी बंब देईन’ असे आश्वासन देणाऱ्या माजी जवानावर त्याचे सहकारीच विश्वास ठेवणार नाहीत.

खान्देशात मांडण्यासारखे बरेच आहे. पालिकांच्या हद्दीबाहेरच्या गावांना स्वतःचे अग्निशमन केंद्र नसते; खेड्यात कडब्याची गंजी, गोठा किंवा घर पेटले की तालुक्याच्या गावाहून पालिकेचा बंब निघतो आणि तो पोहोचेपर्यंत गावकऱ्यांनी मोटारी लावून, हंडे ओतून जे वाचवता येईल ते वाचवलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, वारा सुटतो, बांधावर पेटवलेला पालापाचोळा शेजारच्या केळीच्या बागेत शिरतो आणि ठिबकच्या नळ्यांसह सगळे वितळून जाते. सातपुड्यातील पाड्यांवर कूड आणि गवताची घरे एकमेकांना लागून असतात, आणि तोरणमाळच्या घाटात पाण्याने भरलेला बंब चढवणे म्हणजे काय हे चालकालाच विचारावे. तेथे मोठ्या बंबाचे आश्वासन देण्यापेक्षा लहान वाहन, पाण्याचा साठा आणि पाड्यातील प्रशिक्षित तरुण यांची मागणी अधिक प्रामाणिक आहे.

शहरांतला प्रश्न निराळा आहे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वरून विझल्यासारख्या दिसतात, पण आत धुमसत राहतात; यंत्राने एकेक गाठ फोडून काढावी लागते आणि तितका काळ तालुक्यातील एकमेव बंब तेथेच अडकून पडतो. त्या वेळेत दुसरी वर्दी (आगीची खबर) आली तर पाठवायला काही नसते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई आणि प्लास्टिकचे कारखाने, डाळमिल, धुळ्यातील आणि नंदुरबारमधील बाजारपेठांतील लाकडी माड्या यांचे धोके वेगवेगळे आहेत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. आपल्या मतदारसंघातील किती रुग्णालये, शिकवणी वर्ग, लॉन आणि कारखाने हे करतात, ही माहिती कार्यमुक्तीनंतर माहिती अधिकारात मागवावी. सेवेत असताना हाताळलेले कागद मात्र बाहेर काढू नयेत.

आग हा दलाचा एकच विषय नव्हे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव परिसरात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा लोकांना बाहेर काढण्याचे कामही करावे लागले. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यातील परधाडेजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, प्रवासी घाबरून उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. त्या दिवशी माणसे आगीने मेली नाहीत, घबराटीने मेली. लोकांना धोक्याच्या वेळी काय करावे हे शाळेपासून शिकवले पाहिजे, हा मुद्दा जवानाइतक्या अधिकाराने दुसरा कोणताही उमेदवार मांडू शकणार नाही.

आग विझल्यानंतरचा भाग विसरू नये. ज्याचे घर किंवा दुकान जळाले त्याला पुढे तलाठ्याचा पंचनामा, अग्निशामक दलाचा दाखला आणि विमा कंपनीचा सर्वेक्षक यांच्यामागे फिरावे लागते, आणि हातावर पोट असलेल्या माणसाची मजुरी त्यात बुडते. हे दाखले ठरावीक मुदतीत मिळावेत, अशी साधी मागणी सभेत केली तर समोरच्या गर्दीत ज्यांनी ते सोसले आहे त्यांना ती लगेच कळते.

हे सर्व लोकांच्या बोलीत सांगावे. गिरणा आणि पांझरा खोऱ्यात अहिराणी, रावेर-यावल पट्ट्यात लेवा बोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. ज्याला जी येते ती त्याने निःसंकोच बोलावी. आठवडे बाजाराच्या दिवशी पारावर बसून केलेले दहा मिनिटांचे बोलणे ध्वनिक्षेपकावरच्या तासाभराच्या भाषणापेक्षा लांब पोहोचते. आणि केवळ आगीवर निवडणूक लढवता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. कापसाचा भाव, केळीचा पीक विमा, पिण्याचे पाणी आणि रोजगार यांविषयी उमेदवाराला काय वाटते हे लोक विचारणारच, तेव्हा त्या विषयांचा अभ्यास मोकळ्या झालेल्या वर्षात करावा.

पक्ष की अपक्ष, आणि अर्ज

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवणारा मतदार, लागतो. अपक्षाला आणि इतरांना त्याच मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून लागतात. पक्षाकडून लढायचे असेल तर पक्षाची अधिकृत उमेदवारी कळवणारा एबी फॉर्म अंतिम दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचलेला असावा लागतो, आणि तो शेवटच्या तासापर्यंत येत नाही हा खान्देशातील प्रत्येक निवडणुकीचा अनुभव आहे. म्हणून पक्षाच्या भरवशावर असलेल्यानेही दहा सूचकांच्या सह्यांचा एक अर्ज तयार ठेवावा. एका मतदारसंघात एकाच उमेदवाराला चार अर्जांपर्यंत मुभा आहे. अपक्षाला मुक्त चिन्हांतून तीन चिन्हे पसंतीक्रमाने लिहावी लागतात, आणि लांबून ओळखू येईल, बोलून सांगता येईल असे चिन्ह निवडणे शहाणपणाचे आहे.

अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत दाखल होतो. अनामत रक्कम १०,००० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारासाठी ५,००० रुपये आहे, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ती जप्त होते. शपथपत्र नमुना २६ मध्ये स्वतःच्या आणि कुटुंबाच्या मालमत्ता, कर्ज, उत्पन्न, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती द्यायची असते. त्यातील एकही रकाना कोरा सोडू नये. सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे, कारण कोरे रकाने असलेला अर्ज नोटीस देऊनही न सुधारल्यास फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. फौजदारी प्रकरण प्रलंबित असल्यास ते लपवू नये. तशा उमेदवाराला ती माहिती वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा प्रसिद्ध करावी लागते. कार्यमुक्तीचा आदेश आणि ना-देय प्रमाणपत्रे यांच्या साक्षांकित प्रती वेगळ्या पिशवीत घालून छाननीच्या दिवशी स्वतः हजर राहावे.

पैसा

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. हा आकडा ऐकून जवानाचे धैर्य खचते, पण ती वरची मर्यादा आहे. तेवढा खर्च केलाच पाहिजे असे कोणी सांगितलेले नाही. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि सर्व जमा-खर्च त्याच खात्यातून करावा. रोखीचा व्यवहार एका व्यक्तीबरोबर १०,००० रुपयांच्या आतच ठेवावा. खर्च नोंदवहीचे तीन भाग असतात : दैनंदिन खर्चाचा पांढरा, रोखीचा गुलाबी आणि बँकेचा पिवळा. प्रचाराच्या काळात ही वही निदान तीन वेळा तपासणीसाठी न्यावी लागते. मंडप, रिक्षा, चहा आणि डिझेल यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने ठरवून दिलेले असतात, म्हणून मित्राने फुकट दिलेली जीपही त्या दराने नोंदवावी लागते. ज्याने केंद्रावर वर्दी पुस्तक चोख लिहिले आहे त्याला ही वही जड जाऊ नये. तरीही ती स्वतः न लिहिता विश्वासू हिशेबनिसाकडे सोपवावी आणि रोज रात्री पाहावी.

निवृत्तीची किंवा भविष्य निर्वाह निधीची सर्व रक्कम यात घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलांच्या शिक्षणाचे आणि वर्षभराच्या घरखर्चाचे पैसे आधी वेगळ्या खात्यात काढून ठेवावेत, सावकाराकडून कर्ज घेऊ नये, आणि उरलेल्या रकमेत व लोकवर्गणीत जेवढा प्रचार बसेल तेवढाच करावा. पत्रके छापताना मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापलेला आहे याची खात्री करावी, तसे नसल्यास तो गुन्हा आहे. सभा, वाहने आणि ध्वनिक्षेपक यांच्या परवानग्या आयोगाच्या सुविधा पोर्टलवरून मागता येतात. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार बंद करावा लागतो.

निकालानंतर

निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करणे हरलेल्या उमेदवारावरही बंधनकारक आहे. अपक्ष उमेदवार नेमके हेच विसरतात. हिशेब न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि पुढच्या निवडणुकीची दारे त्या काळापुरती बंद होतात. मूळ पावत्या देऊन त्यांच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात, हिशेब स्वीकारल्याची पोच घ्यावी, गावांत लावलेले फलक उतरवावेत आणि निवडणुकीचे बँक खाते सर्व देणी भागल्यानंतरच बंद करावे.

निवडून आल्यास पहिल्या अधिवेशनासाठी माहिती अधिकारातून मिळालेली प्रमाणपत्रांची आकडेवारी, पालिकांतील रिक्त पदांची यादी आणि केंद्र नसलेल्या गावांची नावे एकत्र करून प्रश्न तयार ठेवावेत, कारण तारांकित प्रश्नांची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. पराभव झाल्यास हीच कागदपत्रे निवडून आलेल्या आमदाराकडे आणि पालिकेच्या मुख्याधिकाऱ्याकडे किंवा आयुक्तांकडे लेखी निवेदनासह द्यावीत, आणि त्यांची पोचही घ्यावी.